सेकंड हँड गाडीचा विमा आणि अंबाझरीचं पाणी

२०२५ च्या जूनमध्ये मी सेकंड हँड गाडी घेतली. नोव्हेंबर २०२१ ची नोंदणी, पेट्रोल, ११९७ सीसी, एमएच-४९ पासिंग. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरहून हिंगणा एमआयडीसीत रोजचं जाणं-येणं आणि वर्षातून दोन-तीनदा समृद्धीवरून माहेरी छत्रपती संभाजीनगरला, एवढाच माझा वापर. गाडी माझ्या नावावर, चालवणार मी, म्हणून विम्याचंही सगळं मीच पाहायचं ठरवलं. पुढचे पाच-सहा महिने त्यात जे कळत गेलं ते लिहून काढते आहे. आपल्याकडे गाडी घेताना ॲव्हरेज, टायर, रीसेल यांची चौकशी बारकाईनं होते, पण पॉलिसीचा कागद उघडून वाचणारी माणसं मला फार थोडी भेटली.

नागपुरात जुनी गाडी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न अलीकडे एकच असतो: ही गाडी पाण्यात होती का? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सीताबर्डी, मोरभवनच्या बसस्थानकापर्यंत शिरलं. कंपाउंडमध्ये उभ्या असलेल्या गाड्या तरंगल्या. त्यांतल्या कितीतरी नंतर धुऊन-पुसून बाजारात आल्या असणार. आमचे नेहमीचे मेकॅनिक भाऊ गाडी पाहायला सोबत आले, तेव्हा त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी मागच्या सीटखालची मॅट उचलली. सीटचे रेल गंजलेत का ते पाहिलं, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का ते पाहिलं. "इंजिन कोणीही चकाचक करून देते जी, बेल्ट कोणी धूत नाही," असं ते म्हणाले.

गाडी कोरडी निघाली. तरीही मी विकणाऱ्याकडून चालू पॉलिसी मागून घेतली, आणि बेल्टपेक्षा पक्का पुरावा मला त्या कागदात मिळाला. नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी, एक वर्ष क्लेम न घेता गेलं की २० टक्के मिळतो, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. मधे एक क्लेम घेतला की तो शून्यावर येतो. या गाडीच्या नोव्हेंबर २०२४ च्या पॉलिसीवर ३५ टक्के होते. म्हणजे २०२१ पासून सलग तीन वर्षं क्लेम नाही आणि त्यात २०२३ चा सप्टेंबरही आला. तिथे शून्य किंवा २० दिसले असते, तर मी विकणाऱ्याला नेमकं काय झालं होतं ते विचारलं असतं. स्वतःच्या खिशातून दुरुस्ती केलेली गाडी यात सापडत नाही हे खरं, पण इंजिनापर्यंत पाणी गेलेल्या गाडीचा खर्च क्लेम न करता सोसणारा माणूस विरळा.

गाडी नावावर होण्याचा आणि विमा नावावर होण्याचा रस्ता वेगळा आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओचं काम सुरू झालं की आपण निश्चिंत होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडी विकली गेली की थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा, आपोआप नव्या मालकाकडे गेला असं धरतात. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र असा आपोआप येत नाही. त्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. आरसी हातात यायची वाट पाहत बसलं आणि तेवढ्यात वर्धा रोडवर कोणी मागून ठोकलं, तर आपल्या डिकीचा खर्च आपल्यालाच. मी फॉर्मच्या प्रती आणि आरटीओची पावती लावून त्याच आठवड्यात अर्ज दिला.

तिथे आणखी एक गोष्ट समोर आली. तो ३५ टक्के बोनस विकणाऱ्याचा होता, गाडीचा नव्हता. पॉलिसी माझ्या नावावर करताना उरलेल्या पाच महिन्यांच्या बोनसचा फरक कंपनीनं माझ्याकडून घेतला, साधारण आठशे रुपये. मला ते रास्तच वाटलं. नीट गाडी चालवली त्यांनी, बक्षीस मी कशाला घेऊ! पण त्याच नियमानं माझ्या जुन्या गाडीवरचा ५० टक्के बोनस माझा होता. ती गाडी सप्टेंबरमध्ये विकली गेली, तेव्हा मी माझ्या आधीच्या कंपनीकडून एनसीबीचं प्रमाणपत्र मागून घेतलं. नव्या मालकाच्या नावाची आरसीची प्रत आणि एक साधा अर्ज, बस. हे प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. जुनी गाडी विकून नवी घेणारे कितीतरी जण हा कागद मागतच नाहीत आणि बारा-पंधरा वर्षांच्या सांभाळून चालवण्याचं मोल तिथेच सोडून देतात. गाडी एक्स्चेंजमध्ये देत असाल तरी हा कागद मागा.

ऑक्टोबरमध्ये नूतनीकरणाचे दर काढायला बसले. वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला आणि मोबाइल नंबर दिला की दुसऱ्या मिनिटाला फोन सुरू होतात. दर सहा हजार दोनशेपासून साडेबारा हजारांपर्यंत. एकाच गाडीला, एकाच बाईला, एकाच शहरात. दुप्पट फरक कसा, ते समजून घेतल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत असं मी ठरवलं आणि प्रत्येक कोटची, म्हणजे कंपनीनं सांगितलेल्या दराची, पूर्ण फोड मागितली.

फोड पाहिली की पहिली गोष्ट लक्षात येते ती थर्ड पार्टीची. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली, कोणाचा जीव गेला, तर त्याची भरपाई यातून होते. मृत्यू आणि इजेसाठी तिला रकमेची मर्यादा नाही, दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांची आहे. हा विमा कायद्यानं सक्तीचा आहे. त्याशिवाय गाडी चालवताना सापडलं तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, पुन्हा सापडलं तर ४,०००, किंवा तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास. आणि त्याचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासून हजार सीसीपर्यंतच्या खाजगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, हजार ते पंधराशे सीसीला ३,४१६ आणि त्यावरच्या गाडीला ७,८९७, वर १८ टक्के जीएसटी. माझ्या गाडीला हे ४,०३१ रुपये होतात, कोणत्याही कंपनीकडे जा. "आमची थर्ड पार्टी स्वस्त आहे मॅडम," असं एकानं फोनवर सांगितलं, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

म्हणजे सगळी घासाघीस उरलेल्या भागात, आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. एनसीबीही फक्त याच भागावर लागतो. पन्नास टक्के बोनस आहे म्हणून पूर्ण बिल अर्धं होईल असं समजू नये. माझ्या बाबतीत त्यानं जीएसटी धरून जवळपास २,९०० रुपये वाचले.

आता तो सहा हजार दोनशेचा कोट. त्यात गाडीची किंमत, आयडीव्ही, दोन लाख नव्वद हजार धरली होती. गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर आपल्या हाती येणारी रक्कम या आयडीव्हीवर ठरते. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या विक्री किमतीतून वयाप्रमाणे घट धरून ती काढतात: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के घट, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. त्याच्या खाली-वर थोडी जागा कंपन्या देतात आणि हप्ता कमी दाखवायचा असला की आकडा खाली सरकवतात. मी ही गाडी चार लाख साठ हजारांना घेतली होती. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. दोन लाख नव्वद हजारांवर ही रेघ सव्वादोन लाखांच्याही आत येते. म्हणजे दुरुस्त होण्यासारखी गाडी निकालात निघणार आणि हाती आलेल्या रकमेत तशीच दुसरी गाडी मिळणार नाही. मी आयडीव्ही तीन लाख नव्वद हजार घेतली. त्यामुळे हप्त्यात वाढ झाली ती साडेसातशेच्या आसपास. त्या साडेसातशे रुपयांत गाडीच्या किमतीचं एक लाखाचं जास्तीचं संरक्षण मिळत असेल, तर ते सोडणं मला पटलं नाही.

सहा हजार दोनशेचा कोट देणाऱ्या फोनवाल्यानं एक आणखी युक्ती सुचवली होती: आधीच्या पॉलिसीवर ३५ होते ना, मग पुढचा टप्पा ४५ टाकून देऊ, लगेच होऊन जाईल. पॉलिसी होतेही लगेच. पण क्लेमच्या वेळी कंपनी आधीच्या कंपनीकडून बोनसची खातरजमा करते आणि खोटी माहिती निघाली तर क्लेम अडतो. माझ्याकडे स्वतःचं ५० टक्क्यांचं प्रमाणपत्र होतं, पण ते त्याला माहीत नव्हतं. ज्यांच्याकडे असं काही नाही, अशा किती जणांच्या पॉलिसीत हा दुसऱ्याचा बोनस बसला असेल, याची मला खरोखर काळजी वाटते.

जोडून घ्यायच्या कव्हरांवर मी सगळ्यात जास्त वेळ दिला. झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये सुट्या भागांच्या किमतीतली घट न कापणारं कव्हर. त्याबद्दल पहिल्यांदा वाटलं की विकणाऱ्यांनी उगाच मोठं केलेलं प्रकरण असेल. मग साध्या पॉलिसीतल्या घटीचा तक्ता पाहिला. प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर यांच्या किमतीत सरसकट ५० टक्के कापतात. काचेला काही कापत नाहीत. धातूच्या भागाला गाडीच्या वयाप्रमाणे, तीन ते चार वर्षांत २५ टक्के, चार ते पाचमध्ये ३५. आजच्या गाडीचा पुढचा आणि मागचा बंपर प्लास्टिकचा, हेडलाइट प्लास्टिकचा, आरसे प्लास्टिकचे. पंचशील चौकात गर्दीच्या वेळी ज्या ठोकरी बसतात त्या नेमक्या यांनाच बसतात. पंचवीस हजारांच्या बिलात दहा-बारा हजार आपल्या खिशातून गेले तर त्याला फुल इन्शुरन्स कसं म्हणायचं? झिरो डेप मला जवळपास अठराशे रुपयांना पडलं. सगळ्या कव्हरांमध्ये महाग तेच, आणि तरी घेतलं.

इंजिनाच्या कव्हरचा निर्णय मात्र डागा लेआउटमध्ये राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका काकांमुळे झाला. त्यांची गाडी २०२३ च्या त्या पहाटे सीटपर्यंत पाण्यात होती. पाणी उतरल्यावर त्यांनी साहजिकच किल्ली फिरवली. आत शिरलेलं पाणी पिस्टननं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागेवर बसतं. त्यांची पॉलिसी पूर्ण होती. पूर हा धोका तिच्यात येतो, त्यामुळे सीट, वायरिंग, साफसफाई यांचा खर्च कंपनीनं दिला. इंजिनाचा नाही दिला, कारण ते नुकसान पाण्यामुळे थेट झालेलं नसून पाण्यात असलेलं इंजिन सुरू केल्यामुळे झालेलं धरतात आणि साध्या पॉलिसीत ते बाहेर ठेवलेलं असतं. काका अजूनही म्हणतात, "पूर आला तं गाडी चालू करून पाहू नये, हे कोणी सांगितलं होतं का आम्हाला?" कोणी सांगितलं नव्हतं हे खरंच आहे. म्हणून इथे ठळकपणे लिहिते: गाडीत पाणी शिरलं असेल तर किल्लीला हात लावू नका. बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, कंपनीला कळवा आणि गाडी ओढून न्या.

इंजिन प्रोटेक्टला माझ्या गाडीसाठी सातशे रुपयांच्या आत पैसे पडले. नागपूरसारख्या गावात, जिथे नाग आणि पिवळी या दोन्ही नद्या वस्तीतून वाहतात आणि तासाभराच्या पावसात अंडरपास भरतो, तिथे हे कव्हर मी झिरो डेपच्याही आधी घेईन. पैशांची फारच ओढाताण असेल आणि एकच निवडायचं असेल तर हेच.

बाकीच्यांचा निकाल लवकर लागला. रस्त्यावरची मदत समृद्धीसाठी घेतली. उन्हाळ्यात त्या काँक्रीटवर टायर फुटला तर जवळपास दुकान नसतं, आणि तिची किंमत शे-सव्वाशे रुपये होती. रिटर्न टू इन्व्हॉइस, म्हणजे गाडी गेली तर बिलाची मूळ किंमत देणारं कव्हर, सोडलं, सेकंड हँड गाडीला त्याचा उपयोग नाही. किल्ली, टायर, सामान यांची कव्हरं सोडली. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे, पण माझी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी २० लाखांची आधीपासून आहे. तसं लिहून दिलं की पुन्हा घ्यावा लागत नाही. घरात दोन गाड्या एकाच नावावर असतील त्यांनी हे जरूर पाहावं, दोन्हीकडे पैसे भरणारे मला भेटलेत. किलोमीटरप्रमाणे हप्ता घेणाऱ्या पॉलिसीही २०२२ पासून मिळतात. माझं वर्षाचं चालणं नऊ-दहा हजार किलोमीटरचं आहे, तेवढ्यात फरक पडेना. निवृत्त माणसाला, ज्याची गाडी आठवड्यातून एकदा निघते, त्याला पडेल.

स्वेच्छेनं वजावट वाढवून हप्ता कमी करायची सोयही असते. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट हजार रुपये आहे. म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये पहिले हजार आपले. आणखी अडीच हजार आपल्याकडे घेतले तर माझ्या कोटमध्ये तीनशेही कमी होत नव्हते. नाही घेतली. त्याऐवजी लहान क्लेम करायचेच नाहीत असं धोरण ठेवलं आहे. चार हजारांचं बंपरचं बिल असेल तर हजार वजा जाऊन हाती तीन येतात आणि पुढच्या वर्षी २,९०० चा बोनस जातो. त्यानंतर पुन्हा २० पासून पायऱ्या चढायच्या. अशा वेळी खिशातून दिलेलं बरं.

पुण्यात राहणारी माझी ताई याच मॉडेलची, त्याच वर्षाची गाडी चालवते. तिचा दर थोडा जास्त का, हे दोघींना कळेना. जुन्या दरपत्रकात देशाचे दोन झोन केलेले आहेत. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद आणि अहमदाबाद ए झोनमध्ये, बाकी सगळा देश बीमध्ये. आमच्या सीसीच्या पाच वर्षांच्या आतल्या गाडीला एमध्ये आयडीव्हीच्या ३.२८३ टक्के आणि बीमध्ये ३.१९१ टक्के असा मूळ दर होता. २००७ नंतर कंपन्यांना सूट द्यायची मोकळीक मिळाली, पण झोन मोजणीत राहिले. झोन ठरतो गाडीच्या नोंदणीवरून. नागपूरकरांना तेवढा लाभ आहे, फार नसला तरी.

शेवटी ही सगळी फोड घेऊन मी आमच्या घराचे जुने एजंट काका आहेत त्यांच्याकडे गेले. आयडीव्ही तीन नव्वद, झिरो डेप, इंजिन, रस्त्यावरची मदत, ५० टक्के एनसीबी, हे एका कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "असं लिहून आणणारं गिऱ्हाईक भेटलं तं आमचंही काम सोपं होते." त्यांनी दिलेला दर ऑनलाइनपेक्षा काहीसा जास्त होता, सगळं मिळून दहा हजारांच्या जरा वर. मी तो स्वीकारला. २०२३ च्या पुरानंतर हेच काका चार-चार दिवस नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरच्या मागे फिरून लोकांची कामं करत होते, हे आमच्या कॉलनीनं पाहिलं आहे. ज्यांना कागदपत्रांचा कंटाळा नाही आणि पाठपुरावा जमतो, त्यांनी ऑनलाइन घ्यावी, पॉलिसी तीच असते. कंपनीशी वाद झालाच, तर आधी तिच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करायची आणि महिन्याभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जायचं. आपल्या नागपूरसाठी ते कार्यालय पुण्याचं आहे आणि तिथे फी लागत नाही.

पैसे भरायच्या आधी एकच गोष्ट मी अडून बसून करून घेतली. कॅशलेस गॅरेजची, म्हणजे जिथलं बिल कंपनी परस्पर भरते त्यांची, यादी मागितली आणि त्यातल्या कामठी रोड आणि वाडीच्या दोन गॅरेजना स्वतः फोन करून विचारलं की या कंपनीचं कॅशलेस आज चालू आहे का. एकानं सांगितलं, बंद आहे, आधी बिल भरा मग मिळेल. दुसऱ्याकडे चालू होतं. यादीत नाव असणं आणि काम होणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

पॉलिसी आली तेव्हा चेसिस नंबर, इंजिन नंबर, एनसीबी आणि नॉमिनीचं नाव आरसीशी पडताळून पाहिलं. चेसिस नंबरात एक अक्षर चुकलं होतं. ते काकांनी दोन दिवसांत दुरुस्त करून आणलं. काही दिवसांनी एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीपुढे विम्याची नवी तारीखही दिसू लागली. नोव्हेंबर २०२६ मध्ये गाडीला पाच वर्षं पूर्ण होतात आणि काही कंपन्या त्यानंतर झिरो डेप देत नाहीत, काही सात वर्षांपर्यंत देतात. नूतनीकरण ९० दिवसांहून जास्त लांबलं तर एनसीबी जातो आणि एक दिवस जरी खंड पडला तरी गाडीची तपासणी लागते, म्हणून कोणत्या कंपन्या देतात ते ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच विचारून ठेवायला काकांना सांगितलं आहे.